आवरलेलं दुखणं

बदलापुरातल्या कात्रपच्या त्या चार मजली सोसायटीची लिफ्ट शालन भालेरावांच्या भाषणामुळे सुरू झाली, हे बिल्डरसुद्धा नाकारत नाही. आठ महिने लिफ्ट कुलूप लावलेल्या कपाटासारखी उभी होती. अर्ज झाले, फोन झाले, कोणी हललं नाही. शेवटी बिल्डर शेजारच्या इमारतीच्या उद्घाटनाला आला, तेव्हा शालनबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर चढल्या आणि "सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर" अशी सुरुवात करून बावीस मिनिटं बोलल्या. तिथे अध्यक्ष नव्हते आणि व्यासपीठही नव्हतं. होता तो एकटा बिल्डर, पेढा हातात धरून अवघडलेला. पुढच्या सोमवारी लिफ्ट वर-खाली करू लागली.

बोलणं शालनबाईंच्या अंगात लहानपणीच भिनलं होतं. अंबरनाथच्या ज्या वस्तीत त्या वाढल्या, तिथे चौदा एप्रिलला प्रत्येक पोराला भाषण करावंच लागे. सातव्या वर्षी त्यांना टेबलावर उभं केलं गेलं, आणि त्या जणू तिथून उतरल्याच नाहीत. आता वय साठ. विहारातला महिला मंडळाचा कुठलाही कार्यक्रम त्यांच्या आभारप्रदर्शनाशिवाय संपत नसे, आणि त्यांचं आभारप्रदर्शन सुरू झालं की कार्यक्रमच संपत नसे. अट इतकीच, की उभं राहायला मिळावं आणि पायाखाली काहीतरी उंच असावं. बसलं की त्यांना मुद्दे सुचत नसत.

पण अशी ही बाई डॉक्टरसमोर गेली की मूग गिळून बसे.

त्याला कारण होतं. भालेरावांच्या घरात देव्हारा नव्हता. देव घरात नसल्यामुळे ती सगळी जागा शिकलेल्या माणसांना मिळाली होती. मास्तर, वकील, इंजिनिअर यांच्याबद्दल शालनबाईंना आदर होताच, पण डॉक्टर म्हणजे शिक्षणाचं शेवटचं टोक. इतकी वर्षं रात्रंदिवस अभ्यास केलेल्या माणसाला आपण आपल्या पोटाचं काय सांगायचं? त्यांच्या आईने दोघी बहिणींना बजावलं होतं, "डॉक्टरचा वेळ खायचा नाही. विचारलं तर बरं आहे म्हणायचं." आई गेली, पण दोघी बहिणींच्या तोंडात ते 'बरं आहे' ठेवून गेली.

आणि फेब्रुवारीपासून शालनबाईंचं बरं नव्हतं.

उजव्या बरगडीखाली दुखायचं. एरवी मंद, मुका मार लागल्यासारखं. पण काही तळलेलं, तुपातलं खाल्लं की तासाभरात आतून कोणीतरी ओली चादर पिळायला घ्यायचं. कळ पाठीमागे उजव्या खांद्यापर्यंत जायची, उलटी व्हायची, आणि तास दोन तासांनी जशी आली तशी निघून जायची.

शंकररावांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, उल्हासनगरच्या डॉक्टरांचं नाव काढलं. शंकरराव अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासणी खात्यात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. बाहेरून आलेला एकेक सुटा भाग हातात घेऊन पास की नापास ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्याबरोबरच्या निम्म्या लोकांना कॅम्प चारमधल्या याच डॉक्टरांनी बरं केलं होतं. "हाताला यश आहे त्यांच्या," शंकरराव म्हणाले. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. मोठे डॉक्टर दिवसाला ऐंशी पेशंट बघत आणि एका पेशंटला दोन मिनिटं देत. त्यात अर्धं मिनिट खुर्चीत बसण्या-उठण्यात जाई.

पहिल्या भेटीच्या दिवशी शालनबाईंनी सकाळीच केस धुतले. निळ्या काठाची पांढरी साडी, जी विहारातल्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवलेली होती, ती कडक इस्त्री करून नेसल्या. हातात घड्याळ घातलं. आणि निघण्याच्या अर्धा तास आधी, कोणाला न सांगता, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या. रिक्षाचे हादरे, वर दवाखान्याचा जिना. त्या शिकलेल्या माणसासमोर कण्हत, वाकडं तोंड करून जाऊन बसणं त्यांना काही बरं दिसेना.

मोठे डॉक्टर सिंधी होते, पण मराठी छान बोलत, मध्ये मध्ये हिंदी पेरून.

"बोला माताजी, क्या तकलीफ?"

शालनबाईंनी पदर सारखा केला. तेवढ्यात शंकरराव बोलले.

"फेब्रुवारीपासून पोटात दुखतं, डॉक्टर. जेवणानंतर. चहा दिवसाला चार कप. तिखट खाते. चालणं अजिबात नाही. माझ्या मते अ‍ॅसिडिटी."

तपासणी खात्याचा अहवाल असाच असतो, आणि डॉक्टरांना तो फार आवडला. त्यांचं पेन कागदावर टेकलं. दुसऱ्या हाताने त्यांनी शालनबाईंचं पोट साडीवरूनच दाबलं.

"इथे दुखतंय?"

गोळ्यांनी काम चोख केलं होतं. "नाही," शालनबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

"एरवी तब्येत?"

"बरं आहे, डॉक्टर."

"गॅस आहे," डॉक्टर म्हणाले. खरं तर पेनाने ते आधीच लिहून टाकलं होतं. रिसेप्शनवरच्या पायलने पुढचा नंबर पुकारला. हातात एक गुलाबी औषधाची बाटली आली.

असं तीन वेळा झालं. तिन्ही वेळा इस्त्रीची साडी, तिन्ही वेळा दोन गोळ्या, तिन्ही वेळा 'बरं आहे', तिन्ही वेळा गुलाबी बाटली. तिसऱ्या भेटीत तर डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "माताजी, तुमच्यासारखी फिट बाई मी महिन्यात पाहिली नाही." शालनबाईंना शरम वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोला, त्या मनातून सुखावल्या. घरी येऊन त्यांनी ते सुनेला दोनदा सांगितलं. आणि संध्याकाळी बटाट्याची दोन भजी खाऊन बाथरूमच्या दाराला धरून उभ्या राहिल्या.

मे महिन्यात प्रमोदची हळद होती. प्रमोद म्हणजे शालनबाईंच्या थोरल्या बहिणीचा, कुमुदिनीचा मुलगा. अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे त्यांचं बैठं घर. दारात मांडव, पातेल्यात मटण, स्पीकरवर गाणी. शालनबाईंनी मावशी म्हणून हळद लावली, मावशी म्हणून नाचल्या, आणि मावशीच्याच हक्काने दोन वाट्या रस्सा प्यायल्या. तासाभरात त्या मागच्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर घामाने डबडबून पडल्या होत्या.

समोरच्या भिंतीवर कुमुदिनीचा हार घातलेला फोटो होता.

कुमुदिनीला जाऊन पाच वर्षं झाली होती. तिचंही पोटच होतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर सकाळी राउंडला आले, "कसं वाटतंय?" म्हणाले, आणि ती म्हणाली, "बरं आहे." डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर तिने शालनबाईंचा हात घट्ट धरला आणि पुटपुटली, "फार दुखतंय गं शालन." शालनबाई म्हणाल्या, "उद्या सांगू हं त्यांना." त्या रात्रीच कुमुदिनी गेली. लिफ्टसाठी खुर्चीवर चढणारी बाई बहिणीसाठी खुर्चीतून उठून डॉक्टरच्या मागे चार पावलं गेली नाही, हे शालनबाईंनी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. मांडवातल्या गाण्यांच्या गोंगाटात, गाद्यांवर पडल्या पडल्या, त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. आपणही असंच 'बरं आहे' म्हणत म्हणत जाणार.

सून मनाली पाणी घेऊन आली. ती बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे तिला दर गोष्टीचं कारण लागे. रुमाल काढायला तिने सासूची पर्स उघडली, आणि रुमालाबरोबर गोळ्यांच्या तीन पट्ट्या बाहेर आल्या. तिन्हींमधल्या दोन दोनच गोळ्या संपल्या होत्या.

"आई, या कसल्या?"

"दुखण्याच्या."

"प्रत्येक पट्टीतल्या दोनच कशा घेतल्यात?"

 शालनबाईंनी सांगितलं. डॉक्टरकडे जाताना दोन घ्यायच्या. जुनी पट्टी पर्सच्या कुठल्याशा कप्प्यात राहते, आयत्या वेळी सापडत नाही, म्हणून नवी घ्यायची.

मनालीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "तुम्ही डॉक्टरकडे जायच्या आधी दुखणं घालवून जाता?"

"मग काय कण्हत जाऊ? पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरत नाही का?"

"अहो आई, डॉक्टर काय पाहुणा आहे? त्याला पसाराच तर बघायचाय!"

शालनबाईंना हे पटायला वेळ लागला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या कळ दाबत म्हणाल्या.

"आत दगड असले तरी?" मनालीने विचारलं. तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, की ती किती खरं बोलली.

घरी आल्यावर शंकररावांना हे कळलं आणि ते जागच्या जागी थिजले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकाच गोष्टीची चीड होती. काही पुरवठादार तडा गेलेले भाग तेल लावून, घासूनपुसून, चकचकीत करून तपासणीला आणायचे. शंकररावांनी अशी कित्येक खोकी नापास करून परत पाठवली होती.

"शालन," ते म्हणाले, "तू पॉलिश करून माल आणलास. माझ्या नाकाखालून. तीनदा!"

"तुम्ही तपासलात कुठे? तुम्ही तर पोट न बघताच अहवाल दिलात."

 शंकरराव गॅलरीत गेले आणि कुंड्यांना दुसऱ्यांदा पाणी घालू लागले.

मनालीने बेत ठरवला. एक, गोळी नाही. दोन, साडी रोजची. तीन, बाबांनी तोंड उघडायचं नाही. चार, काय होतं, कधी होतं, कुठे होतं ते आईंनी लिहून न्यायचं आणि स्वतः सांगायचं.

"लिहायचं" म्हटल्यावर शालनबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी दोन दिवस बसून चार पानं लिहिली. पहिल्या पानावर पोटाचा उल्लेखच नव्हता. त्यात आरोग्याचं समाजातलं महत्त्व होतं. मनालीने कात्री लावून ते एका पानावर आणलं. मग तालीम झाली. शंकररावांना डॉक्टर केलं, टेबलाच्या पलीकडे बसवलं. शालनबाई खुर्चीत बसल्या, कागद उघडला, आणि तोंडाला कुलूप.

"बोला, माताजी," शंकरराव डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले.

"बरं आहे," शालनबाई म्हणाल्या, आणि स्वतःच कपाळाला हात लावला.

"आई, मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," मनाली म्हणाली. "हे तर डॉक्टर आहेत."

पाच वेळा तालीम झाली. पाचही वेळा बसल्याबरोबर 'बरं आहे' आपोआप बाहेर पडलं. सहाव्यांदा शंकररावच म्हणाले, "असू दे, प्रत्यक्ष मैदानात जमेल तुला." त्यांच्या चेहऱ्यावर मात्र माल नापास झाल्याचा भाव होता.

शनिवारी दोघं निघाले. सुट्टी असली तरी मनालीचे शाळेत दहावीचे जादा वर्ग होते, म्हणून तिने जाता जाता दोघांकडून वचन घेतलं. शालनबाईंच्या अंगावर घरातली फिकट फुलांची साडी, केस नुसते गुंडाळलेले. सोसायटीच्या दारात वॉचमनने विचारलं, "काकी, तब्येत बरी नाही का?" शालनबाईंना धक्काच बसला. इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं.

उल्हासनगरात पोहोचले तेव्हा टोकन मिळालं एकतीस, आणि आत चालू होता नऊ. शंकररावांना भूक लागली. दवाखान्याखाली दाल-पकवानची गाडी होती. तळलेल्या मैद्याची परातीएवढी कुरकुरीत पुरी, वर डाळ, वर चिंचेची चटणी. शंकररावांनी एक प्लेट घेतली. शालनबाईंनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "मलाही एक."

"अगं, तळलेलं आहे. दुखेल तुला."

"दुखू दे. मागे तीनदा रिकाम्या हाताने गेले. आज पुरावा घेऊन जाते."

मनाली असती तर तिने प्लेट हिसकावून घेतली असती. पण ती नव्हती, आणि शालनबाईंनी अर्धं पकवान शांतपणे, साक्षीदाराने शपथ घ्यावी तसं खाल्लं.

वर बाकावर त्यांच्याशेजारी बत्तीस नंबर बसली होती. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची म्हातारी, बाळी तिचं नाव. गुडघ्याच्या वर नेसलेलं लुगडं, पाय सुजलेले. सोबत तिचा भाचा विकास होता आणि तो तिचं सगळं दुखणं फोनवर कोणाला तरी मोठ्याने सांगत होता.

"तुम्हाला काय होतंय?" शालनबाईंनी बाळीला विचारलं.

"मना काय ठावं," बाळी म्हणाली. "त्यो सांगंल."

नंबर तेवीस झाला आणि पुरावा हजर झाला. आत चादर पिळली जाऊ लागली. शालनबाईंच्या कपाळावर घाम आला. शंकरराव उठले, पायलच्या टेबलाकडे गेले आणि वचन आठवून तोंड मिटून परत आले. शालनबाई स्वतः उठल्या.

"बाळा, मला फार—" त्यांनी सुरुवात केली.

"काकी, नंबरानेच सोडणार हां," पायल रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाली. शालनबाई परत येऊन बसल्या.

तीस नंबर बाहेर पडला. "एकतीस!"

केबिनला दार होतं, पण गर्मीमुळे ते उघडंच ठेवलेलं. पोट हाताने धरून शालनबाई खुर्चीत बसल्या. शंकरराव बाजूच्या स्टुलावर. मोठ्या डॉक्टरांनी केस पेपर पाहिला.

"हां माताजी. गॅस. कसं आहे आता?"

शालनबाईंनी तोंड उघडलं. कागद पर्समध्ये होता, कळ पोटात होती, कुमुदिनी डोळ्यांपुढे होती.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

शंकररावांच्या घशातून कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा आवाज आला. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

"व्हेरी गुड," डॉक्टर म्हणाले. पेन सुरू झालं. "तेच औषध एक महिना चालू ठेवा. पायल, बत्तीस पाठव. माताजी, जाता जाता वजन करून घ्या जरा."

संपलं. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. शालनबाई उठल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कळेचं होतं की स्वतःच्या रागाचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कोपऱ्यात जुन्या पद्धतीचा लोखंडी वजनकाटा होता. त्या त्यावर चढल्या.

काट्याची उंची चार बोटं. पण चार बोटं ती चार बोटं. वर उभं राहिल्यावर शालनबाईंना दिसलं, की डॉक्टरांच्या टाळूवर केस विरळ झालेत. त्यांना दिसलं, की उघड्या दारातून बाकांवरची वीस-पंचवीस माणसं आपल्याचकडे बघताहेत. पायाखाली लोखंड होतं, समोर श्रोते होते. त्रेपन्न वर्षांची सवय पायांतून वर चढली.

"सन्माननीय डॉक्टरसाहेब," शालनबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आणि इथे आपापले नंबर घेऊन बसलेल्या माझ्या रुग्ण बंधू-भगिनींनो!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. बाहेर एक खोकला अर्ध्यावर थांबला.

"आज मी इथे माझ्या पोटाविषयी चार शब्द बोलणार आहे. मुद्दा पहिला. मी या डॉक्टरसाहेबांची तीन वेळा फसवणूक केली. दुखण्याच्या गोळ्या खाऊन, इस्त्रीची साडी नेसून इथे आले आणि बरं आहे म्हणाले. ती चूक माझी आहे आणि ती मी जाहीरपणे कबूल करते."

"माताजी, ऐकून घ्या—" डॉक्टर म्हणाले.

"अध्यक्षांना शेवटी वेळ मिळेल," शालनबाई सवयीने म्हणाल्या. "मुद्दा दुसरा. मला फेब्रुवारीपासून इथे, उजव्या बरगडीखाली, दुखतं. तेलकट खाल्लं की तासात कळ येते. मागे खांद्यापर्यंत जाते. उलटी होते. आज मी खाली अर्धं दाल-पकवान खाऊन आले आहे आणि ती कळ या क्षणी चालू आहे. मुद्दा तिसरा. माझे यजमान अ‍ॅसिडिटी म्हणाले. ते कारखान्यात हुशार होते, पण माझं पोट त्यांच्या खात्यात येत नाही."

बाहेर कोणीतरी हसलं. शंकररावांनी तोंडावरचे हात काढले नाहीत, पण मान डोलावली.

"मुद्दा चौथा." इथे मात्र त्यांचा आवाज खाली आला. हे कागदावर नव्हतं. "मला एक थोरली बहीण होती. कुमुदिनी. तीही डॉक्टरांना बरं आहे म्हणायची. तिला फार दुखत होतं, ते तिने फक्त मला सांगितलं. मी म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या तिला मिळाला नाही." त्यांनी काट्याचा दांडा धरला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही मला तीनदा विचारलंत, कसं आहे. पण दर वेळी तुमचं पेन माझ्या आधी बोललं. आज मी सांगते. मला बरं नाही. मला भीती वाटते. मला नीट तपासा. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते."

बाहेर टाळ्या पडल्या. पायल दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि आपण वाजवतोय हे कळल्यावर थांबली.

मोठे डॉक्टर उठले. त्यांनी शालनबाईंचा हात धरून त्यांना काट्यावरून उतरवलं आणि तपासणीच्या टेबलावर झोपवलं. साडी बाजूला करून उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली. "लंबी सांस घ्या, माताजी."

शालनबाईंनी श्वास घेतला, आणि अर्ध्यावर अशी किंकाळी फोडली, की खालच्या गाडीवाल्याने वर पाहिलं म्हणतात.

डॉक्टरांचा चेहरा बदलला.  ते हळू म्हणाले, "हे मी पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं. सॉरी." त्यांनी दुखणं थांबवायला इंजेक्शन द्यायला सांगितलं, गुलाबी औषध खोडलं आणि स्वतः फोन करून त्याच दिवसाची सोनोग्राफी ठरवली.

शालनबाई शंकररावांच्या आधाराने बाहेर आल्या तेव्हा पायलने बत्तीस पुकारला. विकास पुढे झाला, बाळी मागून. केबिनमध्ये शिरल्यावर विकास खुर्चीत बसला आणि "डॉक्टर, हिला ना" म्हणाला. बाळीने खुर्चीकडे पाहिलंही नाही. ती सुजलेले पाय टाकत सरळ कोपऱ्यात गेली आणि वजनकाट्यावर चढून उभी राहिली.

"आदूगर मी बोलतंय," ती म्हणाली.

सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत नऊ खडे निघाले. पिशवी सुजली होती. आणखी महिनाभर गुलाबी औषध घेतलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मनालीला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मनालीने घरी कोणाला सांगितलं नाही. मोठे डॉक्टर ज्या हॉस्पिटलात जात, तिथेच दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. शंकररावांनी ते नऊ खडे काचेच्या बाटलीत घेतले, चष्मा लावून एकेक तपासला आणि वर चिठ्ठी डकवली. तिच्यावर लिहिलं, 'नापास'.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. शालनबाई खाटेवर आडव्या होत्या, पोटाला पट्टी, हाताला सलाईन. शंकरराव स्टुलावरून उठले, आणि डॉक्टर खाटेजवळ येताच त्यांनी आपण होऊन तोंडावर हात ठेवला.

"कसं आहे, माताजी?"

शालनबाईंच्या ओठांवर ते आलं होतं. आईने ठेवलेलं, कुमुदिनीने शेवटपर्यंत सांभाळलेलं. त्यांनी ते गिळलं.

"दुखतंय," त्या म्हणाल्या. मग सवयीने कोपर टेकून उठू लागल्या. "सन्माननीय—"

"झोपूनच सांगा," डॉक्टर म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

शालनबाईंनी मग आयुष्यात पहिल्यांदा आडव्या पडून, हळू आवाजात, पायाखाली काही नसताना सांगितलं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं. पेन त्यांनी नंतर काढलं.